चुकांची फी कोण भरणार? : चित्रपटशाळेचा हिशेब

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आठवडाभर शाळेत गणित शिकवायचे आणि रविवारी सकाळी फिल्म सोसायटीचे खेळ लावायचे. म्हणून आजचा विषय मी सिनेमातला निवडला असला, तरी त्यात हिशेब आहे. चित्रपट शिकण्यासाठी चित्रपटशाळेत जावं का? गेलं तर पदरात काय पडतं, आणि त्याची किंमत काय?

मी धंद्याने संकलक. बोलीभाषेत एडिटर. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे दोन तोंडांनी येतो. आईवडील येतात ते काळजीने. पोरगं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असतं आणि एक दिवस जेवताना सांगतं, मला सिनेमा करायचाय. वडील विचारतात, "कोर्स केला तर काम मिळेल का, एवढंच सांगा." पोरगं येतं ते गुर्मीत. ते विचारतं, "सत्यजित राय कुठल्या फिल्म स्कूलमध्ये गेले होते?" दोघांचं म्हणणं खोडून काढण्यासारखं नाही. पण दोघंही एक गोष्ट गृहीत धरतात, की शाळा म्हणजे फाटक, वर्ग आणि सर्टिफिकेट. आधी तेच जरा तपासू.

आपल्याकडे सिनेमा आला तेव्हा शिकायला शाळा नव्हती, असं आपण म्हणतो. दादासाहेब फाळके काय करत होते ते पाहा. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. चित्रकला, फोटोग्राफी, छपाई असे उद्योग केले. १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून लंडनला गेले, सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम बघून आले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. मग भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट करत चित्रित केली. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला तो एवढ्या अभ्यासानंतर. फाळक्यांना शाळा होती. फक्त तिची फी त्यांनी स्वतः भरली, आणि पत्नी सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भरली.

पुढची पिढी कोल्हापूरची. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी ही आजच्या भाषेत कार्यशाळाच होती. कॅमेरा विकत मिळेना तर तो घरी जुळवायचा, पडदे रंगवायचे, प्रतिमा कशी धुवायची ते अंधाऱ्या खोलीत शिकायचं. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर ही मंडळी तिथे पडेल ते काम करत तयार झाली आणि १९२९ साली त्यांनी सीताराम कुलकर्णींना सोबत घेऊन प्रभात काढली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला आली. १९३६ चा दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तो करणाऱ्या दोघांपैकी कुणाकडेही सिनेमाची पदवी नव्हती, पण दोघांच्या गाठीला पंधराएक वर्षांची तालीम होती.

प्रभातची शिस्त लक्षात घ्या. माणसं पगारावर. सकाळी कामाला यायचं, संध्याकाळी घरी जायचं, चित्रपट चालू असो वा नसो. १९४४ मध्ये गुरुदत्त प्रभातमध्ये आले ते तीन वर्षांच्या करारावर. नृत्यदिग्दर्शन करायचं, सहायक म्हणून राबायचं, बारीकसारीक भूमिका करायच्या. आज त्याच जागेवरचा मुख्य अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. गुरुदत्तना शिकण्याचे पैसे मिळत होते, आजच्या विद्यार्थ्याला द्यावे लागतात, फरक तेवढाच.

स्टुडिओ मोडले तसं हे शिक्षणही मोडलं. युद्धानंतर काळा पैसा आला, नट करारातून सुटे झाले, निर्माता चित्रपटापुरतं युनिट जमवू लागला. पॅकअप झालं की युनिट फुटणार असेल, तर नवशिक्याला शिकवत कोण बसतं? ही अडचण सरकारी पातळीवर ओळखली ती चित्रपट चौकशी समितीने. तिचे अध्यक्ष स. का. पाटील. १९५१ च्या अहवालात त्यांनी प्रशिक्षण संस्थेची शिफारस केली. ती अमलात यायला नऊ वर्षं गेली. १९६० साली पुण्यात लॉ कॉलेज रस्त्याला, बंद पडलेल्या प्रभातच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. १९७४ पासून टेलिव्हिजनही तिच्यात आलं आणि ती एफटीआयआय झाली. १९६४ मध्ये शेजारीच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं.

म्हणजे एक शाळा बंद पडली आणि तिच्याच आवारात दुसरी उघडली. फी आता सरकार भरू लागलं.

या दुसऱ्या शाळेने एक गोष्ट अशी आणली जी प्रभातकडे नव्हती. जगाचा सिनेमा पाहणं. सतीश बहादूर चित्रपटाचं एकेक दृश्य थांबवून, मागे नेऊन, पुन्हा दाखवून शिकवत. पी. के. नायर शेजारच्या संग्रहालयासाठी रिळं गोळा करत. ऋत्विक घटक साठच्या दशकाच्या मध्यावर थोडाच काळ इथे होते, पण त्या थोड्या काळात मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम हे त्यांच्यासमोर बसले. कौलांचा 'उसकी रोटी' आणि शहानींचा 'माया दर्पण' हे चित्रपट आवडोत न आवडोत, ते बाजाराच्या युनिटमध्ये राबून कुणी केले नसते. ते दोन्ही ज्याने चित्रित केले तो के. के. महाजन याच संस्थेचा. मृणाल सेनांच्या 'भुवन शोम'चा कॅमेराही त्याचाच.

आता आत काय चालतं ते जरा जवळून सांगतो. नव्या विद्यार्थ्याला एक साधा सराव देतात. एक माणूस जिना चढतो, दार उघडतो, टेबलावरचं पत्र उचलतो. संवाद नाही. पूर्वी हे फिल्मवर करावं लागे. पस्तीस मिलिमीटरची चारशे फुटांची गुंडाळी म्हणजे सेकंदाला चोवीस चौकटींच्या हिशेबाने साडेचार मिनिटांहून किंचित कमी. तेवढ्यात सगळं बसवायचं. त्यामुळे 'ॲक्शन' म्हणण्याआधी विद्यार्थ्याला ठरवावं लागे, की दार आतून दाखवायचं की बाहेरून, आणि जिन्यावरून आलेला माणूस दमलेला आहे की घाबरलेला. मग कापाकापी. जिन्यातल्या शॉटमध्ये कडीवर उजवा हात आहे, खोलीतल्या शॉटमध्ये डावा. जोड बसत नाही. विद्यार्थी घाम पुसत बसतो. मागे उभे असलेले शिक्षक म्हणतात, "हात सोड. दार उघडायच्या आधी हा क्षणभर थांबला होता, ते तू का कापलंस?" विद्यार्थ्याला ते थांबणं म्हणजे वाया गेलेली फिल्म वाटली होती. खरं तर सगळं दृश्य त्या थांबण्यात होतं. तो परत जोडतो, आणि उजवा-डावा हात पुन्हा कुणाला दिसत नाही.

ध्वनीचंही तसंच. शॉट संपला, सगळे चहाकडे वळले, की ध्वनिमुद्रक ओरडतो, "कुणी हलू नका." पंखा बंद, फ्रिज बंद, तीस सेकंद सगळं युनिट जागच्या जागी उभं. तो त्या खोलीची शांतता टेप करत असतो. त्याला रूम टोन म्हणतात. दोन संवादांच्या मधला खड्डा भरायला पुढे तीच लागते, कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. धंद्यात घाई असली की ही तीस सेकंदं पहिली उडतात. शाळेत ती अंगवळणी पडतात. रसूल पुकुट्टींना २००९ मध्ये ध्वनीसाठी ऑस्कर मिळालं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण ते पुण्यात ध्वनी शिकले होते हे थोड्यांनी लक्षात घेतलं.

म्हणजे शाळा देते काय? चुकायची जागा देते. कोल्हापूरच्या तालमीत पोरगं रोज मातीला पाठ लावून घेतं म्हणून मैदानात उभं राहतं, तसं हे आहे. चूक होते ती निर्मात्याच्या पैशावर होत नाही, आणि झाल्याझाल्या ती दाखवणारं कुणी तरी शेजारी असतं.

दुसरं देते ती सोबत. 'जाने भी दो यारो' घ्या. १९८३ चा चित्रपट, सरकारी एनएफडीसीचा तुटपुंजा पैसा. दिग्दर्शक कुंदन शाह, कॅमेरा बिनोद प्रधान, संकलन रेणू सलुजा, पडद्यावर नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, सतीश शाह. सगळे एकाच आवारातून आलेले. एवढ्या पैशात ही माणसं बाजारातून गोळा करता आली नसती. ती कॅन्टीनमध्ये आधीच एकत्र आली होती.

आता त्या पोराकडे वळू, रायांचं नाव घेऊन आलेल्या. त्याची यादी भक्कम आहे. राय शाळेत गेले नाहीत. आपले जब्बार पटेल मुलांचे डॉक्टर. 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' त्यांनी सिनेमाच्या कुठल्याही वर्गात न बसता केले. चैतन्य ताम्हाणे इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी, २०१४ मध्ये 'कोर्ट' घेऊन व्हेनिसला गेला आणि ओरायझन्स विभागात सर्वोत्कृष्ट ठरला. सुमित्रा भावे समाजकार्य शिकलेल्या, झोपडपट्टीतल्या बायकांचा अभ्यास करता करता १९८५ मध्ये 'बाई' करून बसल्या.

पण या प्रत्येकाच्या मागे जाऊन पाहा. राय शांतिनिकेतनात चित्रकला शिकले, त्यांनी जाहिरात कंपनीत वर्षानुवर्षं रेखाटनं केली, १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी काढली, आणि १९५५ मध्ये 'पथेर पांचाली' पडद्यावर आणली. मधली आठ वर्षं म्हणजे काय होतं? पटेलांची शाळा रंगभूमी. 'घाशीराम कोतवाल' बसवणाऱ्याला माणसं चौकटीत कशी उभी करायची हे वेगळं शिकवावं लागत नाही. ताम्हाणे तर 'कोर्ट' गाजल्यावर शिकायला गेला. एका शिष्यवृत्तीवर अल्फोन्सो क्वारोनच्या 'रोमा'च्या चित्रीकरणात बसून आला आणि मग 'द डिसायपल' केला. सुमित्राबाईंसोबत उभे राहिले ते सुनील सुकथनकर, पुण्याच्या संस्थेत दिग्दर्शन शिकलेले. एकीकडे समाज ओळखणारी बाई, दुसरीकडे माध्यम शिकलेला माणूस, असे तीसेक वर्षं चित्रपट झाले. त्यांच्या 'कासव'ला २०१७ मध्ये सुवर्णकमळ मिळालं.

आणि नागराज मंजुळे. त्यांना शाळेबाहेरचे म्हणून मिरवणारे विसरतात, की 'पिस्तुल्या' हा लघुपट त्यांनी नगरच्या एका कॉलेजात संज्ञापन शिकताना केला. तिथे ना प्रभातचे फ्लोअर होते, ना संग्रहालय. पण अभ्यासक्रमाचा भाग म्हणून चित्रपट पुरा करायलाच लागणार होता, आणि तो पाहून बोलणारे चार जण होते. राष्ट्रीय पुरस्कार त्यालाही मिळाला.

तेव्हा शाळा चुकवून कुणी मोठा झालेला नाही. कुणी ती शोधली, कुणी स्वतः उभी केली. तरुण मित्रा, तुझ्याकडे फिल्म सोसायटी, रंगभूमी, गुरू किंवा जोडीदार यांतलं काही असेल, तर खुशाल जाऊ नकोस. यांतलं काहीच नसताना रायांचं नाव घेऊ नकोस.

हल्ली तिसरी बाजू पुढे येते. सगळं यूट्यूबवर आहे, फोनमध्ये कॅमेरा आहे, शाळा कशाला? सगळं आहे हे खरं. लाइट कसा लावायचा, रंग कसा दुरुस्त करायचा, हे तिथे आमच्या वेळेपेक्षा चांगलं शिकता येतं. नाही ते एवढंच, की तुमचा कट चुकला तर तो व्हिडिओ तुम्हाला थांबवत नाही. फुकटच्या शाळेत तुमच्या चुकांची फी कुणीच भरलेली नसते, म्हणून त्या चुका कुणी तपासतही नाही. लाइक मिळतात किंवा मिळत नाहीत. त्यावरून दाराशी थांबलेला माणूस कापायचा की ठेवायचा ते कळत नाही.

आता आईवडिलांच्या प्रश्नाचं उत्तर. काम मिळेल का? शाळा कामाची हमी देत नाही. आपण ऐकतो ती नावं दरवर्षी बाहेर पडणाऱ्यांतली मोजकी. बाकीचे मालिका करतात, जाहिराती करतात, कंपन्यांचे माहितीपट करतात, शिकवतात. त्यात कमीपणा काही नाही, पण पुण्यात शिकलेल्या पायल कपाडियाला २०२४ मध्ये कानमध्ये ग्रां प्री मिळालं म्हणून आपल्याही मुलीला मिळेल, अशा हिशेबाने फॉर्म भरू नका. त्याच वर्षी कानच्या विद्यार्थी विभागात पहिला आलेला चिदानंद नाईकचा लघुपट पुण्यातल्या एका वर्षाच्या टीव्ही अभ्यासक्रमातला होता, आणि नाईक आधी डॉक्टर झालेला होता. दोन्ही खरं आहे. शाळेला यश येतं, आणि येताना माणूस स्वतःचं काही तरी घेऊन आलेला असतो.

शाळा अनुभव देत नाही. उमेश कुलकर्णीचा पुण्यातला डिप्लोमा लघुपट 'गिरणी'. घरात पिठाची गिरणी येते आणि मुलाचं बालपण तिच्या आवाजात बुडून जातं. तो आवाज कसा रचायचा हे संस्थेने शिकवलं असेल. पण आई दळणं घेते आणि पोराला डबे पोचवायला पाठवते, हे घर त्याला आधी माहीत असावं लागतं.

शिवाय शाळा वेळ घेते, आणि कधी कधी कागदावरच्यापेक्षा जास्त. पुण्याच्या संस्थेत तीन वर्षांचे अभ्यासक्रम लांबत गेल्याचं जाहीर आहे. २०१५ चा संप शंभराहून अधिक दिवस चालला. मुलगा तिथे गेला तर पंचविशीनंतरही तो विद्यार्थी असेल, याची तयारी घरच्यांनी ठेवायची.

आता पैसा. सर असते तर इथे त्यांनी फळा मागवला असता. पुण्याची एफटीआयआय आणि कोलकात्याची सत्यजित राय संस्था या सरकारी आहेत. एकेका शाखेत जागा दहाच्या आसपास, त्यासाठी कोणत्याही विषयाची पदवी आणि कसून होणारी निवड. इथे फी असली तरी खरा खर्च सरकार उचलतं. खासगी संस्थेत तीन वर्षांचा खर्च राहण्याखाण्यासह पंधरा-वीस लाखांवर सहज जातो. समजा पंधरा लाख कर्ज काढलं, दहा वर्षांचं, साडेदहा टक्क्यांनी. हप्ता महिन्याला वीस हजारांच्या थोडा वर. हा हप्ता सुरू होतो तेव्हा तुमचा मुलगा कुणाचा तरी तिसरा सहायक असतो, आणि वर्षातले काही महिने त्याच्या हाताला काम नसतं. हप्ता चुकू नये म्हणून तो जे मिळेल ते घेतो. ज्या चुका करायला शाळेत गेला, त्या करायची मुभा त्याला पुढे दहा वर्षं उरत नाही. म्हणून माझं मत सांगतो. सरकारी संस्थेत निवड झाली तर पोटाला चिमटा घेऊन जावं. कर्ज काढून किंवा जमीन विकून खासगी संस्थेत जाऊ नये. घरात पैसा सहज असेल तर तो तुमचा प्रश्न.

शाखेप्रमाणेही उत्तर बदलतं. कॅमेरा, ध्वनी, संकलन यांत जायचं असेल तर शाळा हवीच म्हणेन. यंत्रं महाग असतात, आणि सेटवर नवख्याच्या हातात ती कुणी देत नाही. मुलींच्या बाबतीत तर दुप्पट. ओळखीपाळखीवर चालणाऱ्या युनिटमध्ये मुलीला कॅमेऱ्याजवळ उभं करायला आजही लोक कां-कूं करतात. शाळेत तिच्या नावावर कॅमेरा लागतो, तो तिला मागावा लागत नाही. दिग्दर्शनाला बारावीनंतर लगेच धावू नये. आधी कसलीही पदवी घ्यावी, एक नोकरी करून पाहावी, फोनवर दोन-तीन लघुपट शेवटापर्यंत न्यावेत आणि मग ठरवावं. अभिनयाला आपल्याकडे एकांकिका स्पर्धा आहेत, पुरुषोत्तम करंडक आहे, पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. आधी तिथे घासून घ्यावं. लेखकाने वाचावं, नाटक पाहावं, आणि उन्हाळ्यात पुण्याला होणारा चित्रपट रसास्वादाचा अभ्यासक्रम करावा. त्यात फार पैसे जात नाहीत, आणि आपल्याला हे खरंच आवडतं की नुसती हौस आहे, ते कळतं.

शेवटी एक विनंती, पालकांनाही आणि मुलांनाही. कुठल्याही संस्थेत पैसे भरण्याआधी तिथल्या इमारतीचे, स्टुडिओचे, पाहुण्या कलावंतांचे फोटो पाहू नका. गेल्या तीन वर्षांत त्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेले लघुपट मागा. सगळे मागा, निवडक पाच नकोत. घरी नेऊन एकत्र बसून शेवटपर्यंत पाहा. ते पाहून मुलाला त्यांचा कंटाळा आला तर नाद सोडा. ते पाहून त्याला "हे मी वेगळं केलं असतं" असं वाटलं, तर फॉर्म भरा. आणि संस्था लघुपट दाखवायलाच तयार नसेल, तर तिथे एक पैसाही भरू नका.